बाबांच्या पोटाचं माप

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी गाण्यांची टेप नाही. माझ्यात गाणीबिणी काही भरलेली नाहीत. मी मापाची टेप. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या गळ्यात लोंबत असते ना, पिवळी, दोन्ही टोकांना पितळेची टोपी घातलेली, तीच मी. आता माझा पिवळा रंग जुन्या हळदीच्या डागासारखा झालाय आणि मधले काही आकडे घासून पुसट झालेत. म्हातारी म्हणा हवं तर. पण मी अजून खरं सांगते, आणि टेपच्या जन्माला येऊन याहून जास्त काय करायचं असतं?

माझा जन्म कुठल्या गावच्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. एका लांबलचक कापडावर गरम रोगणाचा थर बसला, त्यावर काळे आकडे उमटले आणि मग एका पात्याने आम्हा बहिणींना एकमेकींपासून कापून वेगळं केलं, एवढंच आठवतं. तिथून मी बडोद्याला मांडवीजवळच्या एका दुकानात आले. हूक, बटणं, लेस आणि अस्तराचे तागे यांच्या गर्दीत मी बरेच महिने गुंडाळी करून झोपून राहिले.

एक दिवस मंदाताई आल्या. लग्न होऊन जळगावाहून नुकत्याच बडोद्याला आलेल्या, गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी मला उलगडलं आणि सरळ दुकानातल्या कापड मोजायच्या लोखंडी गजावर आडवं घातलं. दुकानदाराला गंमत वाटली. तो म्हणाला, "नवी टेप खोटुं ना बोले, बेन."

"नवीच जास्त बोलतात," मंदाताई मराठीत म्हणाल्या आणि शेवटच्या आकड्यापर्यंत मला तपासूनच त्यांनी पिशवीत टाकलं. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. बाकीच्या बहिणींना कुणीही उचलून नेलं. माझी मात्र परीक्षा झाली आणि मी पास झाले.

मंदाताईंचं घर कारेलीबागेतल्या एका सोसायटीत तळमजल्यावर होतं. त्यांचे यजमान बाळकृष्ण रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. पुढे त्यांना मुलगी झाली, कौमुदी. ती त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणायला लागले. मनातल्या मनात, अर्थात.

खिडकीपाशी मशीन, मशीनशेजारी मंदाताई आणि मंदाताईंच्या गळ्यात मी. सोसायटीतल्या, शेजारच्या सोसायटीतल्या, फतेगंजपासूनच्या बायका ब्लाउज शिवायला यायच्या. नवरात्र जवळ आलं की विचारू नका. गरब्याच्या चणियाचोळीच्या ढिगाऱ्यात मंदाताई दिसायच्या नाहीत, फक्त मशीनचा आवाज यायचा. मी कितीतरी कमरा, दंड, गळे, मनगटं पाहिली. लाजणाऱ्या पोरी पोट आत ओढून धरायच्या आणि मंदाताई शांतपणे म्हणायच्या, "सोड श्वास. गरबा खेळताना श्वास घ्यायचाय की नाही?"

मंदाताईंची एक पद्धत होती. माप घेताना त्या माझ्याखाली आपली दोन बोटं सरकवायच्या. अंगावर घट्ट आवळून घेतलेलं माप त्यांना मुळीच आवडायचं नाही. त्या म्हणायच्या, "अंगाला थोडी जागा पाहिजे." गुजराती गिऱ्हाइकंही "मंदाबेन, जरा ढीलुं राखजो" म्हणायची, म्हणजे सैल ठेवा. मंदाताईंना हसू यायचं, कारण न सांगताच ते झालेलं असायचं. कौमुदीला त्यांनी माप घ्यायला शिकवलं तेव्हा पहिला धडा हाच दिला. दोन बोटं. हात कसा धरायचा, टोक कुठे टेकवायचं, हे सगळं नंतर.

मग दिवस बदलले. बाजारात तयार कपडे यायला लागले. अलकापुरीकडे काचेच्या मोठाल्या दुकानांत मापाचे पुतळे कपडे घालून उभे राहिले आणि पोरी तिकडे वळल्या. चोळ्यासुद्धा तयार मिळायला लागल्या. मंदाताईंच्या मशीनवर आधी कव्हर आलं, मग कव्हरावर टीव्हीचा रिमोट आला, मग इस्त्रीचे कपडे. मी खिळ्याला लटकले. कधीतरी पडद्याचं माप घ्यायला, कधी नवा फ्रिज दारातून आत येईल का ते बघायला मला काढायचे. फ्रिज, मित्रांनो. जिने गळ्याची नाजूक वळणं मोजली तिने फ्रिज मोजायचा. मी रुसले होते, पण टेपचा रुसवा कुणाला कळतो?

त्याच सुमारास बाबांचं पोट वाढायला लागलं.

आधी सगळ्यांनी चेष्टा केली. "सुखाचं पोट आहे," मंदाताई म्हणाल्या. शेजारच्या जशुबेन म्हणाल्या, "बाळकृष्णभाई, अमने पण कहो, कुठल्या चक्कीचा आटा खाता." जशुबेन मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात कालवतात, कढीत खिचडी कालवावी तशी. पण बाबांचे हातपाय बारीक होत होते आणि पोट तेवढं फुगत होतं. मग घरी आलेल्या वर्कशॉपातल्या एका माणसाने डोळा मारून विचारलं, "गुजरातमध्ये राहून कुठून मिळते हो तुम्हाला?" दारूबद्दल बोलत होता तो. बाबा हसले, पण तो गेल्यावर ते बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. आयुष्यात त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता.

डॉक्टर उन्मेष यांचं कारेलीबागेतच छोटं नर्सिंग होम होतं. त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की बाबांचं यकृत खराब झालंय. फार वर्षांपूर्वी वर्कशॉपात पायावर लोखंड पडून बाबांचं खूप रक्त गेलं होतं आणि बाहेरून रक्त द्यावं लागलं होतं. त्यातूनच काविळीचे जंतू अंगात आले असावेत, असा डॉक्टरांचा अंदाज होता. यकृत नीट चालेना म्हणून पोटात पाणी साठत होतं. मीठ बंद झालं. बाबा म्हणायचे, "या घरात सगळ्यात अळणी मी." गोळ्या सुरू झाल्या. आणि डॉक्टरांनी मंदाताईंना आणखी एक काम दिलं. रोज सकाळी पोटाचं माप घ्यायचं.

अशी मी खिळ्यावरून खाली उतरले.

मला काम हवं होतं, पण असलं नको होतं. पूर्वी मी ज्याच्या अंगाभोवती जायचे त्याला काहीतरी नवं मिळायचं. आता रोज सकाळी बाबा सदरा वर करून उभे राहायचे, मी बेंबीवरून फिरायचे आणि घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. मी खोटं बोलू शकत नव्हते. मंदाताई सवयीने दोन बोटं घालायच्याच. एकदा डॉक्टरांनी ते पाहिलं आणि ते हसत म्हणाले, "मंदाताई, ब्लाउज नाही शिवायचा."

"मग टेप आवळून धरू?"

"नको. तुमची रीत तीच ठेवा. रोज एकाच हाताने, एकाच पद्धतीने घेतलं की झालं. मला वाढलं की उतरलं, एवढंच बघायचंय."

गोळ्यांनी काही दिवस उतरलं, मग पुन्हा वाढलं. बाबांना जेवण जाईना, श्वास पुरेना. तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं, सुईने पोटातलं पाणी काढायचं.

त्या सकाळी मीही नर्सिंग होममध्ये गेले, मंदाताईंच्या पर्समध्ये. डॉक्टरांनी बाबांना अर्धवट टेकून झोपवलं, पोटाच्या डाव्या बाजूला खाली एक जागा बोटांनी चाचपली, औषधाने बधिर केली आणि सुई घातली. नळीतून फिक्या चहासारखं पिवळट पाणी बाटलीत उतरायला लागलं. ते उतरत राहिलं आणि बाबांचा चेहरा मोकळा होत गेला. शेवटी त्यांनी मान उचलली आणि पायांकडे पाहिलं.

"मंदा," ते म्हणाले, "माझी पायाची बोटं दिसतायत."

"मग काय, कुणी नेली होती?"

"नखं वाढलीत गं."

मंदाताई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग तो पदर तसाच डोळ्यांकडे गेला. स्नेहलता नावाच्या सिस्टर होत्या, त्यांनी मला मागून घेतलं आणि बाबांचं नवं माप घेतलं. आवळून, अगदी कातडीला चिकटवून. मंदाताईंना ते खटकलं, पण आनंदाच्या वेळी कशाला बोला. त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला आणि त्या मापावर माझ्या अंगात लाल धाग्याचा एक टाका घातला. "हे असंच राहू दे देवा," म्हणाल्या.

दुपारी रिक्षाने आम्ही घरी आलो. बाबा स्वतःच्या हाताने चपला काढून आत गेले. जशुबेननी बिनमिठाची खिचडी पाठवली. बाबांनी ती चवीने खाल्ली आणि दिवाणावर झोपले. किती दिवसांनी पाठ टेकून झोपले होते.

संध्याकाळी कौमुदी ट्यूशनवरून आली. तेव्हा ती नववीत होती, पायाला भिंगरी बांधल्यासारखी. दप्तर टाकलं आणि मला उचललं. "बाबा, उठा. मला तुमची नवी कंबर बघायचीय. उद्या वर्गात सांगणार आहे, माझे बाबा हिरोसारखे बारीक झाले म्हणून."

बाबा उठून बसले, पण हळू. "जरा चक्कर येतेय," म्हणाले. "झोपेतून उठवलंस ना."

कौमुदीने दोन बोटं घालून मला फिरवलं आणि टोक लाल धाग्याकडे आणलं. टोक पोचेना. पितळी टोपी आणि लाल धागा यांच्यामध्ये बाबांच्या कातडीची रुंद फट राहिली.

"आई, हे बघ. वाढलंय."

मंदाताई ओट्यापाशी होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "अगं वेडे, सिस्टरनी आवळून घेतलं होतं. तू माझ्यासारखी दोन बोटं घालतेस. तेवढा फरक पडणारच."

बरोबर वाटलं सगळ्यांना. कौमुदीने बोटं काढली आणि मला ओढून धरलं. फट कमी झाली, पण राहिलीच.

"आता बसलेत ते. सकाळी आडवे होते," मंदाताई म्हणाल्या.

"शिवाय खिचडी खाल्लीय," बाबा म्हणाले. "जशुबेनच्या खिचडीला काही जागा लागणार की नाही?"

मित्रांनो, यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक कारण खरं होतं. शिवणकामाच्या घरात तर मापातला फरक कुठून येतो हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तेच पाठ असलेलं त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर आलं. मला मात्र काही वेगळं जाणवत होतं. सकाळी बाबांचं पोट रिकाम्या पिशवीसारखं सैल होतं. आता माझ्याखाली ते टणक लागत होतं, विशेषतः डाव्या बाजूला. आणि मी ओली होत होते. बाबांना घाम फुटला होता, आणि तो गार होता. मी कितीतरी घामेजलेल्या अंगांभोवती फिरलेय, गरब्याच्या आधीच्या उकाड्यात तर रोज. तो घाम गरम असतो.

कौमुदीने मशीनच्या खणातून शिंप्याचा निळा खडू काढला. बाबांच्या पोटावर मी जिथून गेले होते तिथे माझ्या कडेने तिने रेघ मारली. आणि माझ्यावर, टोक जिथे आलं होतं तिथे, दुसरी.

"मी काय कापड आहे?" बाबा म्हणाले. "गुदगुल्या होतात."

"आडवे व्हा. आता आडवं माप घेते." तिने आडवं माप घेऊन खडूची खूण पुसून नवी केली. "आता तासाभराने परत मोजीन. आडवेच राहायचं, आणि काही खायचं नाही."

"परीक्षा जवळ आलीय तुझी, आणि हे काय चाललंय?" मंदाताई म्हणाल्या.

"आई, सकाळी सिस्टरनी मोजलं, आता मी मोजलं. म्हणून फरक, हो ना? मग आता दोन्ही वेळा मीच मोजते. तेव्हा नाही फरक पडला तर मी पुढच्या पेपरला शंभर आणीन."

दिवेलागण झाली. मंदाताईंनी देवापाशी दिवा लावला. बाबा आडवे पडून होते आणि बोलायचे थांबले होते. मधेच त्यांनी पाणी मागितलं. कौमुदी वही उघडून बसली होती, पण पान एकच. तास पुरा व्हायच्या आतच ती उठली.

त्याच रेघेवरून मी फिरले. त्याच हाताने, तशीच. टोक खडूच्या खुणेपर्यंत आलं नाही. चांगलं दोन बोटं अलीकडे थांबलं.

मंदाताई पुढे आल्या. त्यांनी माझ्याखाली आपली बोटं घालून पाहिली. आयुष्यभर जी बोटं माझ्याखाली सहज सरकायची, ती आत जाईनात. त्यांनी वर पाहिलं. दिव्याच्या उजेडात बाबांचे ओठ पांढरे दिसत होते.

फोन जशुबेनकडे होता. कौमुदीने मला मुठीत धरूनच तिकडे धाव घेतली. "डॉक्टरकाका, बाबांचं पोट वाढतंय. दोन्ही वेळा मीच मोजलं. आडवं झोपवून, एकाच रेघेवर. खडूची खूण मागे राहिली."

मला वाटलं, तेही खिचडी म्हणतील.

"घाम आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो. गार."

"त्यांना उठवू नका. सकाळी सुई टोचली तिथे आईला तळव्याने घट्ट दाबून धरायला सांग. सोडायचं नाही. प्यायला काही देऊ नका. मी निघालो."

जशुबेन चपला न घालता आमच्याकडे आल्या. मंदाताई दिवाणावर गुडघे टेकून बसल्या आणि दोन्ही तळवे एकावर एक ठेवून त्यांनी त्या जागेवर अंगाचा सगळा भार टाकला. बाबा त्यांच्याकडे बघत होते. "दुखतंय का हो?" त्या विचारत होत्या, आणि बाबा "नाही" म्हणत होते, आणि दोघांनाही माहीत होतं की ते खरं नाही. जशुबेन मंदाताईंच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "छोडती नाही, मंदाबेन. हुं छुं ने." मी आहे ना, असं.

डॉक्टरांनी आपल्या गाडीतून सगळ्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीतही मंदाताईंनी हात काढला नाही. तिथे पोचल्यावर रक्त द्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी डोळे उघडले. "पुन्हा कुणाचं तरी रक्त?" त्यांनी विचारलं. एका जुन्या रक्तानेच तर त्यांना इथवर आणलं होतं.

"आता तपासून देतात," डॉक्टर त्यांचा हात धरून म्हणाले. "मी स्वतः लेबल वाचीन. माझ्यासमोर लागेल."

सर्जननी पोटाच्या भिंतीतली ती जागा उघडली आणि वाहणारी धमनी बांधून टाकली. बाबा वाचले.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर उन्मेष बाकावर मंदाताई आणि कौमुदीच्या शेजारी येऊन बसले. दाढी केलेली नव्हती. त्यांनी सांगितलं ते मी कौमुदीच्या गळ्यात बसून ऐकलं. पोटाच्या भिंतीतून, पुढच्या स्नायूच्या मागून एक धमनी वर जाते. दिव्याच्या वातीएवढी. बाबांचं पोट इतकं ताणलं होतं की स्नायूची कड बोटाला नीट लागली नाही, आणि सुई नेहमीच्या जागेपेक्षा थोडी मधल्या बाजूला गेली. सुई धमनीला लागली. पाण्याचा दाब होता तोवर बहुधा तिचं तोंड दाबलेलं राहिलं. पाणी निघालं, दाब गेला, आणि ती आतल्या आत वाहू लागली. म्हणून सकाळी सगळं छान दिसलं.

"असं फार क्वचित होतं," डॉक्टर म्हणाले. "पण बाळकृष्णकाकांच्या बाबतीत झालं, आणि सुई माझ्या हातात होती. घरी पाठवण्याआधी मी त्यांना आणखी थांबवून घ्यायला हवं होतं."

मंदाताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांचे तळवे सुजले होते. मग म्हणाल्या, "अस्तराखाली काय आहे ते मलाही वरून दिसत नाही, डॉक्टर. चाचपतच शिवते." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "चहा घेतलात का काही?"

आता वाटेल, गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं. पण यकृत काही बरं झालेलं नव्हतं. नवरात्र आलं आणि गेलं, आणि थंडी पडेपर्यंत बाबांच्या पोटात पुन्हा पाणी भरलं. रोज सकाळी मी तेच सांगत होते. बाबांना आडवं होता येईना. ते भिंतीला टेकून, बसूनच झोपायचे. आणि सुईचं नाव काढलं की म्हणायचे, "नको. आता मला हात लावू नका."

मंदाताईंनी समजावलं. जशुबेननी समजावलं. एक दिवस डॉक्टर घरी आले. त्यांनी समजावलंच नाही. म्हणाले, "मलाही भीती वाटते, काका. खोटं कशाला सांगू. पण या वेळी मी एकटा बोटांनी ठरवणार नाही. आधी सोनोग्राफी करू. पाणी कुठे खोल आहे, मध्ये शीर नाही ना, ते पडद्यावर बघू, तिथेच खूण करू. त्या धमनीपासून दूर, बाहेरच्या अंगाला. आणि दिवसभर तुम्ही तिथेच राहायचं, माझ्या नजरेसमोर." बाबांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

डॉक्टर गेल्यावर कौमुदी बाबांच्या पायाशी येऊन बसली.

"तुम्ही बसून झोपता. मला ऐकू येतं तुम्ही कसा श्वास घेता ते."

"तू अभ्यास कर."

"झाला."

"मग परत कर."

"सुईची भीती वाटते?"

बाबा म्हणाले, "सुईची नाही गं. त्या दिवशी तुझी आई माझ्या पोटावर हात दाबून बसली होती ना. तिचा चेहरा माझ्या अगदी समोर होता. तसा चेहरा मला परत बघायचा नाही."

खिडकीपाशी मंदाताई जशुबेनच्या नातीचा फ्रॉक शिवत होत्या. मशीन थांबलं.

"मला परत दाबावं लागलं तर मी परत दाबीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही डोळे मिटून घ्या."

बाबा हसले. खूप दिवसांनी हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. "बरं," ते म्हणाले. "पण एक अट. संध्याकाळचं माप कौमू घेणार. आणि तिने वाढलं म्हटलं की वाढलं. कुणी कारणं द्यायची नाहीत. मीसुद्धा नाही."

ठरल्याप्रमाणे सगळं झालं. पडद्यावर बघून, खूण करून, बाहेरच्या अंगाला सुई गेली आणि फिकं पाणी उतरलं. लगेच कौमुदीने आडवंच माप घेऊन माझ्यावर खडूची खूण केली. डॉक्टर मधूनमधून येऊन नाडी बघत होते. संध्याकाळी नर्सिंग होमच्या खोलीत कौमुदीने मला हातात घेतलं. बाबांना झोप लागली होती. आडवे, पाठ टेकून. तिला त्यांना उठवावंसं वाटेना, पण मी पाठीखालून गेल्याशिवाय माप कसं होणार? तिने माझं टोक हळूच त्यांच्या कमरेशी नेलं. आणि बाबांनी झोपेतच पाठ जराशी उचलली. तिला जागा करून दिली.

मी फिरून आले. टोक सकाळच्या खुणेवर अचूक टेकलं. तासाभराने पुन्हा, तिथेच. रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा, तिथेच. मंदाताई तिन्ही वेळा माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि तिन्ही वेळा मला त्यांना हवं तेच खरं सांगता आलं. टेपच्या नशिबात असे दिवस फार येत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दवाखान्यातून हसत परत आलं, तर तुम्हीही हसा, खिचडी करा. पण संध्याकाळी एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा. कपाळाला हात लावा, पोटाकडे बघा. काही वेगळं वाटलं तर त्याची कारणं शोधायला डॉक्टर आहेत, तुम्ही फक्त फोन करा. आणि माझ्यासारख्या जुन्या टेपला उन्हात टाकू नका, माझ्यावर गरम इस्त्री ठेवू नका, दोरीउड्यांना तर मुळीच घेऊ नका. ताणली गेलेली टेप दिसायला तशीच दिसते, फक्त खोटं बोलायला लागते. मला ते परवडणार नाही. उद्या सकाळी बाबांचं माप आहे.